केमोनंतरची ड्रीम रन : वाचकांचे प्रश्न

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी सुरू झाली की या सदराकडे एका ठरावीक विषयाची पत्रे येऊ लागतात. घरात कुणीतरी कॅन्सरमधून बाहेर पडलेले असते आणि आता सगळ्या गोतावळ्याला मिळून एखाद्या संस्थेसाठी धावायचे असते. त्यातली सहा पत्रे इथे घेतली आहेत. उत्तरे कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि धावण्याचे प्रशिक्षक यांनी मिळून दिली आहेत. एक विनंती: ‘कॅन्सर होता, आता बरा आहे’ एवढ्यावर काहीही सांगता येत नाही. ऑपरेशन कसले झाले, औषधे कोणती गेली, रेडिएशन कुठे दिले, हे पत्रात जरूर लिहा. डिस्चार्ज कार्डावर सगळे असते.

धाकट्या बहिणीच्या (वय ४४) डाव्या स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन दीड वर्ष झाले. काखेतल्या गाठीही काढल्या. आठ केमो झाल्या, पहिल्या चार लाल औषधाच्या. मग रेडिएशन. आता रोज टॅमॉक्सिफेन घेते. आम्ही दोघी, दोघींचे नवरे, तिचा मुलगा आणि तिच्या ऑफिसातल्या तिघी अशी आठ जणांची टीम करून ड्रीम रन धावायची आहे. पण तिला दोन जिने चढले तरी दम लागतो. बारा आठवड्यांत जमेल का? – डोंबिवली

ड्रीम रन ही मुंबई मॅरेथॉनमधली हौशी लोकांची छोटी शर्यत. तिचे अंतर सहा किलोमीटरच्या आतबाहेर असते. टायमिंग चिप नसते, चालले तरी कुणी हटकत नाही. त्यामुळे अंतराची धास्ती नको. आधी दम कशाने लागतो ते शोधा.

ते लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन. या जातीची औषधे हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतात, आणि तो कधीकधी उपचार संपल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनीही दिसतो. त्यात रेडिएशन डाव्या बाजूला. म्हणून बूट विकत घेण्याआधी तीन तपासण्या: टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी; हृदय किती जोराने रक्त ढकलते त्याचा आकडा त्यात मिळतो), हिमोग्लोबिन, थायरॉइड. जुना इको असेल तर तो सोबत न्या. डॉक्टरांना आजच्या आकड्याइतकाच तो पहिल्यापेक्षा किती उतरला हे महत्त्वाचे असते. जिना चढून लागलेला दम दोन-तीन मिनिटांत बसत असेल तर बहुतेक वेळा शरीराची सवय मोडलेली असते, बाकी काही नाही. आडवे झाल्यावर दम लागतो, रात्री उशी वाढवावी लागते, संध्याकाळी दोन्ही घोट्यांवर सूज येते किंवा बसल्याजागी धडधडते, यातले एकही असेल तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे.

तपासण्या ठीक निघाल्या तर आठवड्यातून चार दिवस बाहेर पडायचे. पहिले दोन आठवडे फक्त २५ ते ३० मिनिटे भरभर चालणे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठवड्यातले तीन दिवस १ मिनिट हळू धावणे, ३ मिनिटे चालणे, अशा सहा फेऱ्या. चौथा दिवस नुसत्या चालण्याचा, आणि ही वाटणी शेवटपर्यंत तशीच. पाचव्या-सहाव्यात १ मिनिट धाव, २ मिनिटे चाल, आठ फेऱ्या. सातव्या-आठव्यात २ आणि २, सात फेऱ्या. नवव्या-दहाव्यात ३ आणि २, सहा फेऱ्या. त्यातल्या एका रविवारी सलग ५ किलोमीटर, वाटेल तेवढे चालत. अकरावा आठवडा दहाव्यासारखाच ठेवा, बाराव्यात सगळे निम्मे करा. पुढच्या पायरीवर जायची घाई नको. एखादा आठवडा पुन्हा करावा लागला तर शेवट ३-२ ऐवजी २-२ वर होईल, तेवढेच. बाराचा हिशेब जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून मागे मोजला तर सुरुवात ऑक्टोबरच्या शेवटी येते, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे. तेव्हा एखादा आठवडा पाहुण्यांत जाणार हे गृहीतच धरा.

वेग ठरवायला घड्याळ नको. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मधेच तुटले तर वेग जास्त आहे. थकव्याचेही एक गणित असते. कॅन्सरनंतरचा थकवा झोपून जात नाही, हलक्या व्यायामाने कमी होतो. पण आजच्या सरावाचा शीण उद्या दुपारपर्यंत टिकला तर आज जास्त झाले, पुढच्या वेळी दोन फेऱ्या कमी.

आता हात. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातले लसिकाद्रव परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात आणि हात सुजू शकतो. डॉक्टर याला लिम्फेडेमा म्हणतात. म्हणून त्या हाताने काही उचलूच नये, असे घरोघरी सांगितले जाते. ते जुने झाले. हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज बळावत नाही हे २००९ मध्येच नीट तपासून प्रसिद्ध झाले आहे. अर्ध्या किलोच्या डंबेलपासून, आठवड्यातून दोनदा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून सुरू करा. मात्र मोजमाप ठेवा: साधी शिंप्याची टेप, मनगटाच्या रेषेपासून वर दर १० सेंटिमीटरला एक माप, दोन्ही हातांची, पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वेळी. कुठल्याही एका जागी दोन हातांतला फरक आधीपेक्षा २ सेंटिमीटरने वाढला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, हात जड वाटू लागला, तर दाखवून या. हात लाल, गरम आणि ताप, हे जंतुसंसर्गाचे लक्षण. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सूज आधीपासूनच असेल तर धावताना प्रेशर स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, घालावी, मापाने घेतलेली. दुकानात ‘एम’ साइज मागून घेतलेली स्लीव्ह मनगटाशी काचते आणि तळहात सुजवते. सूज नसेल तर स्लीव्हची सहसा गरज नाही. धावताना मूठ आवळू नका. दर दहा मिनिटांनी हात डोक्यावर नेऊन दहा वेळा मूठ उघडा-मिटा. घड्याळ उजव्या हातात.

ब्रा हा विषय पत्रात कुणी लिहीत नाही, पण सराव बंद पडतो तो बहुधा इथेच. तारेची नको. ब्रा उलटी करून शिवण नेमकी कुठे येते ते बघा. व्रणावर किंवा रेडिएशन झालेल्या त्वचेवर शिवण आली की चाळीस मिनिटांत सालटे निघते. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरत असाल तर तो घामाने सरकतो आणि जड लागतो. सरावासाठी फोमचा हलका वेगळा ठेवा. काखेत आणि पट्ट्याखाली व्हॅसलीन. रेडिएशन झालेला भाग उन्हात झाका, कारण ड्रीम रन सुटते तीच सकाळी आठच्या पुढे.

शेवटचे टॅमॉक्सिफेनबद्दल. या गोळीने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. सराव सुरू झाला की पोटऱ्या दुखणारच, आणि तिथेच फसगत होते. दोन्ही पोटऱ्या दुखणे सरावाचे. एकच पोटरी दुखते, सुजली आहे, हाताला गरम लागते, तर मालिश करू नका, शेकू नका. त्याच दिवशी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या.

वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो (ऑक्सॅलिप्लाटिन) संपून चार महिने झाले. तळपायाला अजून मुंग्या आहेत, उलट वाढल्यात. ते शाळेत धावपटू होते, ऐकत नाहीत. – सातारा

वाढल्यात याने घाबरू नका. या औषधाचा बधिरपणा केमो संपल्यावरही काही महिने वाढत राहतो आणि मग सावकाश उतरू लागतो. अजून काही आठवड्यांनी उतार दिसला नाही तर डॉक्टरांना सांगा.

धोका वेगळाच आहे. बुटात खडा गेला तरी कळत नाही, फोड आला तरी कळत नाही, आणि पाय नेमका कुठे टेकला हे डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणे त्यांच्यासाठी बंद. उजाडल्यावर, सपाट मैदानावर. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा पसरलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. पायमोजे सुती नकोत, घामाने ओले राहून घासतात. बूट घालण्याआधी ते उपडे करून आपटायचे आणि आत हात फिरवायचा. हाताची बोटेही बधिर असतील तर हे काम दुसऱ्याने करावे. घरी आल्यावर आरशात तळवे बघणे, रोज.

तोल तपासायची सोपी रीत: भिंतीजवळ उभे राहून, कुणीतरी शेजारी असताना, एका पायावर डोळे उघडे ठेवून दहा सेकंद. जमत नसेल तर धावणे नाही, चालणे. आणि रोज दात घासताना भिंतीला हात लावून याचाच सराव. जुने धावपटू लवकर ऐकत नाहीत हे खरे. त्यांना ‘धावू नका’ म्हणण्यापेक्षा नातवाला चालण्याची शर्यत लावायला सांगा.

मला (वय ५२) इलिओस्टोमीची पिशवी आहे (लहान आतड्याचे तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर काढून त्यावर लावलेली). गुदाशयाचा कॅन्सर होता. ऑफिसच्या टीममध्ये नाव घातले आहे. पिशवी फुटेल याची भीती वाटते. आणि खरेच याचा काही उपयोग होतो का? – ठाणे

पिशवी फुटत नाही, सुटते. घामाने त्वचेला चिकटवलेली चकती सैल होते. चकती शर्यतीच्या सकाळी बदलू नका. आदल्या दिवशी दुपारी बदला म्हणजे चिकटायला रात्र मिळते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची हा नियम त्या दिवशी कडक पाळा, शर्यत सुरू होण्याआधी एकदा नक्की. वरून स्टोमाचा पट्टा किंवा उंच कमरेची घट्ट सायकलिंग शॉर्ट. चड्डीचे इलॅस्टिक स्टोमावर येऊ देऊ नका. शेवटचे जेवण तीन तास आधी, कमी चोथ्याचे: मऊ भात, केळे, ब्रेड. मका, शेंगदाणे, मशरूम आदल्या दिवशीही नकोत. छोट्या पाऊचमध्ये एक कापलेली चकती, पिशवी, ओले टिश्यू आणि कचऱ्यासाठी काळी पिशवी.

इलिओस्टोमीत खरी काळजी पाण्याची. मोठे आतडे वापरात नसल्याने पाणी आणि मीठ दोन्ही निघून जातात, आणि नुसते पाणी ढोसले की बाहेर पडणे आणखी वाढते. त्यामुळे ओआरएस. १ लिटरचे पाकीट १ लिटर पाण्यातच विरघळवा. ‘गोड लागते म्हणून’ अर्ध्या बाटलीत टाकले की उलटा परिणाम होतो. शर्यत सुरू होण्याआधी तासाभरात २०० मिलिलिटर, वाटेत घोट घोट, नंतर तेवढेच. बाजारात ओआरएससारखी दिसणारी गोड फळांची पेये मिळतात, ती नव्हेत. लघवी गडद, पाय वळणे, चक्कर, यातले काही आले की थांबा. स्टोमाच्या कडेला फुगवटा दिसत असेल तर तो हर्निया असू शकतो. सर्जनला दाखवल्याशिवाय धावू नका, आणि पोटाचे कडक व्यायाम तर नाहीच.

उपयोगाचे विचारलेत म्हणून: २०२५ च्या जूनमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे देखरेखीखाली व्यायाम दिला, निम्म्यांना फक्त माहितीपत्रक. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले शंभरात ९० हयात होते, दुसऱ्यातले ८३. त्यात गुदाशयाचा कॅन्सर नव्हता, म्हणून आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नका. व्यायाम म्हणजे तरी काय, बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणे. आणि हेही त्यातच आहे की व्यायामाच्या गटात स्नायू-सांध्यांच्या दुखापती जास्त झाल्या. एका रविवारच्या ड्रीम रनने काही होत नाही. तिच्या निमित्ताने लागलेली सवय फेब्रुवारीत टिकली तर होते.

पत्नीची केमो अजून चालू आहे, शर्यतीच्या दहा दिवस आधी पाचवी आहे. ती म्हणते, चालत येईन. – वसई

नको. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि शर्यत सुटते त्या सीएसएमटीच्या गर्दीत तासभर खांद्याला खांदा लावून उभे राहायचे असते. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर ते इस्पितळात धावण्याचे कारण आहे, क्रोसिन देण्याचे नाही. तिचे बिब (छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक) पुढच्या वर्षी. यंदा घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, गर्दी नसताना, तिला झेपेल तेवढे सगळ्यांनी मिळून चाला.

आम्ही अकरा जण आहोत: आई (कॅन्सरमधून बरी, ६१), दोन नातवंडे, मामा-मामी, मित्र. सगळे एकत्र कसे राहणार? आणि टी-शर्टवर आईचा फोटो छापायचा आहे. – पुणे

अकरा जण एकत्र राहत नाहीत. पहिल्या किलोमीटरला गर्दी इतकी असते की धावता येत नाही, आणि जरा मोकळीक मिळाली की मुले सुटतात. आधीच तीन गट करा. आईबरोबर दोघेच, त्यातला एक ऑपरेशन झालेल्या बाजूला, म्हणजे गर्दीचा धक्का त्याला लागेल. त्या दोघांनी सरावाचे किमान तीन रविवार आईबरोबर केलेले असावेत. नाहीतर होते असे की उत्साही मामा तिला ‘चल, अजून थोडे’ करत राहतात आणि ती भिडेपोटी नाही म्हणत नाही. चालायचे कधी हे आईने ठरवायचे, दुसऱ्या कुणी नाही.

मोबाइल त्या भागात लागेलच असे नाही. भेटायची जागा आणि वेळ आदल्या दिवशी ठरवा, आणि ती जागा शेवटच्या रेषेच्या तोंडाशी नको, तिथे थांबू देत नाहीत. बिबच्या मागे तातडीच्या माहितीची जागा असते. ती बहुतेक जण कोरी ठेवतात. तिथे बॉलपेनने आजार, चालू औषधे, ॲलर्जी, सोबत्याचा नंबर आणि ‘डाव्या हाताला बीपी/सुई नको’ असे जे असेल ते लिहा. बिबच्या चार पिना केमोपोर्टवर (केमो देण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेली डबी) किंवा व्रणावर येऊ देऊ नका; कमरेचा बिब-बेल्ट मिळतो, तो बरा. बॅगेचा पट्टाही पोर्टवर घासतो.

पुण्याहून येणार असाल तर शनिवारी मुंबईत मुक्काम करा. परतीच्या लोकलसाठी रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि हवा: जानेवारीत मुंबईत सकाळी धुरके असते. छातीला रेडिएशन झाले असेल किंवा फुप्फुसांवर परिणाम करू शकणारे ब्लिओमायसिन हे औषध गेले असेल, तर हवेचा निर्देशांक खराब असलेल्या दिवशी सराव घरात.

फोटोचे आईला विचारले का? ‘तिला आवडेल’ हे उत्तर नाही. कित्येकांनी सोसायटीत, दूरच्या नात्यांत सांगितलेले नसते. आणि एकदा फोटो व्हॉट्सॲपवर गेला की गेला. नाव आणि फोटो नसलेला एकरंगी टी-शर्ट गर्दीत एकमेकांना शोधायला जास्त कामाचा. पांढरा सोडून कुठलाही रंग.

संस्थेसाठी पैसे जमवायचे आहेत. ऑफिसातले लोक मलाच जीपे करतात. न्यू जर्सीचा चुलतभाऊ पन्नास हजार देतो म्हणतो. पावतीचे काय? – नाशिक

स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका. तुमच्या खात्यातून संस्थेला गेलेल्या रकमेची पावती तुमच्या नावाने निघते, देणाऱ्यांना करसवलत मिळत नाही, आणि वर हिशेब तुम्ही देत बसता. मुंबई मॅरेथॉनमध्ये देणग्यांची व्यवस्था युनायटेड वे मुंबई पाहते आणि नोंदणीकृत संस्थांची यादी तिथे असते. संस्था निवडा, तिचा देणगीचा दुवा घ्या आणि तोच पाठवा. देणाऱ्याने आपले नाव पॅनवर आहे तसे आणि पॅन क्रमांक भरायचा. ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नव्या कररचनेत असलेल्यांना ही सवलतच नाही. हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात. शर्यतीची प्रवेश फी आणि टी-शर्टचे पैसे ही देणगी नव्हे. काही क्राउडफंडिंग साइटवर ‘टिप’चा टक्का आधीच निवडलेला असतो, तो शून्यावर आणायला लोकांना सांगा.

चुलतभावाचे पासपोर्टवर अवलंबून आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचा नागरिक झाला असेल, मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, ती परदेशी देणगी ठरते. मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. तुमच्या खात्यात मागवून पुढे पाठवणे हा शॉर्टकट संस्थेला गोत्यात आणतो.

संदेश छोटा लिहा. ‘कॅन्सरशी लढा’ अशा हाकेला लोक ‘लाइक’चा अंगठा देतात, पैसे देत नाहीत. परळला उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्यांच्या राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा खर्च, असा एक नेमका उद्देश सांगा, संस्थेकडून एका रुग्णाचा एका महिन्याचा आकडा मागून घ्या आणि तोच लिहा. पहिली देणगी स्वतःची टाका. शून्यावर असलेल्या पानावर पहिले पैसे टाकायला कुणी पुढे होत नाही. आणि आठवण करून देणारा संदेश शर्यतीच्या आदल्या रात्री नव्हे, त्या आठवड्यातल्या सोमवारी-मंगळवारी. रविवारी दुपारी धावल्याचा फोटो टाकाल तेव्हा दुवा पुन्हा त्याखाली द्या.